दोन कुडे, एकच शेरा

मेघदूतातला यक्ष मेघाचे स्वागत कुटजाच्या ताज्या फुलांनी करतो. कुटज म्हणजे आपला कुडा. रामगिरी म्हणजे रामटेकच, असे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी साधार मांडले. तेव्हा हे फूल आम्हा कन्हानकरांच्या शेजारचेच ठरते. पण कुडा म्हटले की विचारावे लागते, पांढरा की काळा?

दोघे एकाच कुळातले, दोघांना चीक, आणि फुलेही दोघांची पांढरीच! (नावे ठेवणाऱ्याने फुले पाहिली नसावीत.) काळ्याच्या फुलात मधोमध झालर असते, पांढऱ्याच्या नसते. माझ्या आजीला अक्षरओळख नाही आणि झालरीशी कर्तव्यही नाही. ती बी दाताखाली धरते. कडू लागले तर पांढरा, हगवणीवरचे औषध. नाही तर काळा. कडू इंद्रजव आणि गोड इंद्रजव ही नावे त्यावरूनच पडली. पांढऱ्याच्या सालीत काळ्याची साल मिसळून विकली जाते, हे ध्यानात घेतले तर आजीची पारख नुसती हौस राहत नाही.

जागतिक 'लाल यादी'त दोघांपुढे एकच शेरा आहे: फारशी चिंता नको. शेरा खोटा नाही. पांढरा कुडा पार आफ्रिकेतही उगवतो. परंतु हा साऱ्या पृथ्वीचा हिशेब झाला; आपल्या शिवाराचा कोणी मांडला? पांढऱ्याची साल सोलतात. चहूकडून सोललेले झाड उभ्याउभ्या वाळते. काळ्याचे लाकूड कर्नाटकातल्या चन्नपट्टणच्या खेळण्यांना लागते. दोघांवरचे संकट निरनिराळे, शेरा मात्र एक. शिवाय कुड्याचे घर म्हणजे खुरटे रान. आपल्या विदर्भात त्याला 'झुडपी जंगल' म्हणून कमी लेखण्याची चाल आहे. हे वनच मानावे, असे सर्वोच्च न्यायालयाला 2025 साली सांगावे लागले.

2002 च्या जैवविविधता कायद्यान्वये गावोगावी लोकांना विचारून नोंदवही करायची असते. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात आपण रस्ते झाडतो, ते ठीकच. पण यंदा दोन दिवस म्हाताऱ्या माणसांजवळ बसावे, असे मला वाटते. पांढरा कुडा कोठे, काळा कोठे, साल कोण नेतो, हे वेगवेगळ्या ओळींत लिहून घ्यावे. माहिती देणाराच्या रकान्यात आजीचे नाव घालावे. सहीच्या जागी अंगठा चालेल.