कोणाच्या कानाने ऐकायचे?

कर्नाळ्याच्या पायथ्याशी आमच्या वस्तीत दोन आवाज बारमाही असतात. एक अभयारण्यातल्या पाखरांचा आणि दुसरा मुंबई-गोवा महामार्गावरच्या गाड्यांचा. १९ मार्चच्या रात्री त्यात तिसरा आवाज मिसळतो. महाडला चवदार तळ्यावर निघालेले टेम्पो आणि जीपगाड्या भीमगीते लावून याच रस्त्याने जातात. २०२४ साली अशाच रात्री टपरीवर चहा घेताना माझा भाचा मला म्हणाला, "मामा, ही गाणी जयंतीपुरती ठीक आहेत. पण खरं म्युझिक म्हणजे कोल्डप्ले." पोरगा डिप्लोमा झालेला, उरणकडच्या एका कंटेनर यार्डात रात्रपाळी करणारा. वकिलाला गप्प बसणे जड जाते, पण मी गप्प बसलो.

त्याच वर्षी २२ सप्टेंबरच्या रविवारी तो सकाळपासून मोबाईल हातात धरून बसला. १८, १९ आणि २१ जानेवारी २०२५ ला नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर होणाऱ्या कोल्डप्लेच्या कार्यक्रमांची तिकिटे त्या दिवशी निघाली. दर २,५०० रुपयांपासून ३५,००० रुपयांपर्यंत. रांगेतला त्याचा नंबर लाखांत होता, तिकीट मिळाले नाही. मग तीच तिकिटे दुसरीकडे लाखांच्या भावाने दिसू लागली. या काळ्या बाजाराविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका झाली. १० जानेवारीला ती फेटाळली गेली, कारण कायदा करणे हे विधिमंडळाचे आणि शासनाचे काम.

शेवटी १८ तारखेला पोरगा नेरूळला गेला आणि स्टेडियमबाहेर रस्त्यावर उभा राहून ऐकून आला. काय ऐकू आले, मी विचारले. म्हणाला, "ढोल कळत होता, शब्द कळत नव्हते." मी म्हटले, तुझे पणजोबा भजन असेच ऐकत, देवळाच्या पायरीखाली उभे राहून. त्यांना जातीने बाहेर ठेवले, तुला पैशाने. भाच्याला ही तुलना आवडली नाही. "माझ्याकडे पैसे असते तर मी आत असतो, मामा. पणजोबा पैसे असूनही बाहेरच राहिले असते." पोरगा बरोबर बोलला. उलटतपासणीत आम्ही अशा साक्षीदाराला पुढचा प्रश्न विचारत नाही.

त्या आठवड्यात मराठी-इंग्रजी सगळ्या वर्तमानपत्रांनी रकानेच्या रकाने भरले. 'जगातला सर्वांत मोठा', 'एका पिढीचा आवाज', 'आयुष्यात एकदाच'. गोरेगावहून नेरूळला खास लोकल सुटल्या, नवी मुंबईत जड वाहने बंद ठेवली गेली. ते केले ते योग्यच, गर्दी म्हटली की व्यवस्था हवी. पण ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर लाखो माणसे येतात तेव्हाही गाड्या सुटतात, रस्ते वळवले जातात. त्या दिवशीच्या बातमीत मात्र 'गैरसोय' आणि 'कोंडी' हे शब्द आधी येतात. नेरूळची कोंडी उत्साहाची असते आणि दादरची त्रासाची असते, हे कोणत्या मापाने ठरले?

भाच्याने दिलेली गाणी मी रात्री बसून ऐकली. उगाच नाकारण्यात अर्थ नाही. दोन-तीन चाली मलाही आवडल्या. सोप्या आहेत, गर्दीला एकत्र गाता येतील अशा आहेत. बाकी बरेच काम दिव्यांचे, कागदाच्या फुलांचे आणि प्रत्येकाच्या मनगटावर चमकणाऱ्या पट्ट्यांचे आहे. शब्दांत कोणाशी भांडण नाही, कोणावर आरोप नाही. सगळ्यांनी प्रेम करावे, एवढेच मागणे. चांगले, सुबक संगीत आहे. पण त्याला महान म्हणणारा जो निकाल आमच्या पोरांच्या हातात दिला जातो, त्याला कोर्टात आम्ही एकतर्फी हुकूमनामा म्हणतो. दुसऱ्या पक्षाला नोटीसच बजावलेली नसते.

हा दुसरा पक्ष कोण? रॉक नावाचे हे सगळे घराणे अमेरिकेतल्या काळ्या माणसांच्या ब्लूज आणि गॉस्पेलमधून निघाले. गुलामांच्या नातवंडांचे हे गाणे. सिस्टर रोझेटा थार्प ही काळी बाई १९४० च्या दशकात इलेक्ट्रिक गिटार घेऊन चर्चची गाणी गात होती. ती १९७३ साली वारली, कित्येक वर्षे तिच्या कबरीवर नावाचा दगडही नव्हता आणि अमेरिकेतल्या 'रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम'ला तिची आठवण २०१८ साली झाली. बिग मामा थॉर्नटन हिने १९५२ साली ध्वनिमुद्रित केलेले 'हाउंड डॉग' १९५६ साली एल्विस प्रेस्लीने गायले आणि जगाने ते एल्विसचे मानले. रोलिंग स्टोन्स हे नावसुद्धा मडी वॉटर्स या काळ्या गायकाच्या १९५० सालच्या गाण्यावरून घेतलेले. त्यांनी हे कधी लपवले नाही, हे त्यांच्या बाजूने नोंदवतो. पण एप्रिल २००३ मध्ये ते ब्रेबॉर्न स्टेडियमवर आले तेव्हा मी वाचलेल्या एकाही बातमीत मडी वॉटर्स नव्हता. लेड झेपेलिनची गोष्ट तर सरळ दिवाणी दाव्याची. त्यांच्या 'होल लॉटा लव्ह' या गाजलेल्या गाण्यात आपले शब्द आहेत म्हणून विली डिक्सन या ब्लूजच्या कवीने १९८५ साली दावा लावला आणि दोन वर्षांनी तो तडजोडीने मिटला. पुढे त्या गाण्यावर डिक्सनचे नाव लागले.

ज्या समाजाच्या पोरांनी १९७२ साली ब्लॅक पँथरवरून दलित पँथर हे नाव घेतले, त्या समाजाला हा इतिहास परका वाटायचे कारण नाही. उलट गिटारशी आमचे नाते गोरेगावहून खास लोकलने येणाऱ्यांपेक्षा जवळचे आहे. मुंबईचा धम्म विंग्ज हा बँड बुद्ध-आंबेडकरांची गाणी रॉकमध्ये गातो. चेन्नईत पा. रंजित यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या 'द कास्टलेस कलेक्टिव्ह'ने जानेवारी २०१८ मध्ये पहिला कार्यक्रम केला, त्यात तिथल्या वस्त्यांतला गाना आणि रॉक एकाच मंचावर होते. भाच्याला यातले एकही नाव ठाऊक नव्हते. त्याच्या मोबाईलने ते त्याला कधी दाखवले नाही आणि आम्हीही सांगितले नाही.

सरकारचा कान कुठे असतो तेही पाहू. १ नोव्हेंबर १९९६ ला अंधेरीत मायकल जॅक्सनचा कार्यक्रम झाला. तो रॉक बँड नव्हे, पण वाट तीच. युती सरकारने करमणूक कर माफ केला, मुंबई ग्राहक पंचायत न्यायालयात गेली, २०११ साली उच्च न्यायालयाने ती माफी रद्द करून प्रकरण फेरविचारासाठी सरकारकडे पाठवले आणि जानेवारी २०२१ मध्ये मंत्रिमंडळाने ती माफी पुन्हा दिली. पक्ष बदलले, माफी तीच. रक्कम तीन कोटींच्या वर. नोव्हेंबर २०१६ मध्ये हेच कोल्डप्ले वांद्रे-कुर्ला संकुलात आले तेव्हाही करमणूक कर माफ, मैदानाच्या भाड्यात सवलत. नोटबंदीला तेव्हा दोन आठवडेही झाले नव्हते, आमची माणसे बँकेच्या रांगेत होती. त्याच महाराष्ट्रात कबीर कला मंचाच्या गाणाऱ्या पोरांवर २०११ साली माओवादी संबंधांच्या आरोपाखाली यूएपीए लागला. त्यातल्या तिघांना सर्वोच्च न्यायालयाकडून जामीन मिळायला जानेवारी २०१७ उजाडला. डफ हातात असला की तपास होतो, गिटार परदेशी असली की माफी मिळते.

मात्र सगळा दोष दुसऱ्याच्या माथी मारून मोकळे होता येत नाही. २०२५ च्या १९ मार्चला भाचा माझ्याबरोबर महाडच्या टेम्पोत होता. रात्री दहा वाजून गेले होते, पुढे अभयारण्य, म्हणून आम्ही स्पीकर बंद केला. कायदा आपणही पाळायचा. मग बायकांनी तोंडानेच गाणे धरले. ढोलकी नाही, पेटी नाही. टेम्पोच्या फळीवर कोणी तरी ठेका देत होते. कर्नाळ्याचा सुळका अंधारात मागे पडला तरी गाणे चालूच होते. भाचा कान देऊन ऐकत होता.

"मामा, हे कोणी लिहिलंय?"

मला सांगता आले नाही. मी वामनदादांचे नाव घेतले, कारण आम्ही प्रत्येक गाण्याला तेच नाव घेतो. पुढच्या बाकावरची म्हातारी वळून म्हणाली, "वामनदादांचं नाही ते." तिलाही नाव ठाऊक नव्हते. लहानपणापासून मी हे गाणे गात आलो आहे. आमच्या घरात त्याची कॅसेट होती. तिच्यावर गायकाचे नाव होते, कंपनीचे होते, किंमत होती. लिहिणाऱ्याचे नाव नव्हते आणि ते कधी कोणी विचारलेही नव्हते.

पेणपर्यंत भाचा मोबाईलमध्ये ते नाव शोधत होता. सापडले नाही. महाडला उतरल्यावर तो त्या म्हातारीच्या मागे मागे गेला, तिने ते कोणाकडून शिकले हे विचारायला.