तुटलेल्या बोल्टचे पैसे कोणी द्यायचे?

प्रश्न सहा मिलिमीटर जाडीच्या एका लोखंडी तुकड्याचा आहे. परंतु त्या तुकड्यापायी उलव्यातील एका गॅरेजमध्ये काम करणाऱ्या मुलाच्या पगारातून बाराशे रुपये कापले गेले. ते कापले जाताना आम्ही तेथे उभे होतो, कारण मोटारसायकल आमची होती.

काम साधे होते. सायलेन्सर जेथे इंजिनच्या हेडला जोडला जातो तेथून धूर गळत होता आणि गॅसकेट बदलावयाचे होते. मुलाने टी-पाना लावला, जोर दिला आणि 'कट्' असा आवाज झाला. नट फिरलाच नाही. त्याच्यासकट स्टड हेडच्या तोंडाशी तुटला. उस्ताद तावातावाने आले, मुलाला चार शब्द सुनावले आणि काम स्वतःच्या हाती घेतले. तुटक्या स्टडमध्ये भोक पाडून त्यांनी इझी-आऊट ठोकला व फिरवला. तोही आत तुटला. मग हेड उतरवून रबाळ्याला स्पार्क मशीनवर पाठवावे लागले. गाडी चार दिवस अडकली. बिलाचा मोठा भाग आम्ही भरला, उरलेला मुलाच्या पगारातून वळता झाला. आम्ही हरकत घेतली तेव्हा उत्तर मिळाले, "तोडला कुणी? त्यानेच ना!"

तोडला कुणी, हेच आधी पाहू या.

उलवे खाडीकाठचे. हवा खारी आणि पावसाळा चार महिन्यांचा. खारकोपरपर्यंत लोकल ११ नोव्हेंबर २०१८ ला सुरू झाली. तेव्हापासून खारकोपर आणि बामणडोंगरी स्थानकांबाहेर दुचाक्या दिवसभर उघड्यावर उभ्या असतात. विमानतळाच्या कामाची धूळ व मुरूम त्यांनी वर्षानुवर्षे खाल्ला आहे. हेड ॲल्युमिनियमचे आणि स्टड पोलादाचा. या दोन धातूंच्या मध्ये खारे पाणी शिरले की तेथे बॅटरीसारखी क्रिया सुरू होते. ॲल्युमिनियम झिजून त्याची पांढरी भुकटी आट्यांत घट्ट बसते आणि पोलादाला बाहेरून तांबडा गंज चढतो. त्यातून सायलेन्सरचा स्टड रोज तापतो व थंड होतो. चार-पाच वर्षे कोणी हात न लावलेला असा स्टड पाना लागण्याआधीच अर्धा मेलेला असतो. तो ज्याच्या हातात तुटला त्याने तोडला असे म्हणणे म्हणजे म्हाताऱ्याच्या मृत्यूसाठी शेवटचे पाणी पाजणाऱ्याला पकडणे होय.

इझी-आऊटची गोष्ट मात्र निराळी. सहा मिलिमीटरच्या बोल्टला आट्यांच्या आतला गाभा जेमतेम पाच मिलिमीटरचा असतो. त्यात जेमतेम तीन मिलिमीटरचे भोक पाडून जे हत्यार आत घालायचे, ते त्या भोकाएवढेच बारीक. जेथे सहाचा बोल्ट जोर न साहून तुटला, तेथे तीनची कांडी तो फिरवील हा हिशेब कोणत्या शाळेतला? इझी-आऊट कडक पोलादाचा असतो, म्हणून तो वाकत नाही, तुटतो. आणि आत तुटला की साधे ड्रिल त्याच्यावर चालत नाही. नवशिक्याला हे ठाऊक नसेल तर समजण्यासारखे आहे. पंधरा-वीस वर्षे पाना चालवणाऱ्याला ठाऊक असलेच पाहिजे.

मग करावयाचे काय? आम्ही दोन जाणत्या कारागिरांना विचारले. दोघांच्या सांगण्यात पहिला शब्द 'थांबा' हाच होता. नट हलत नसेल तर पाना ठेवून द्यावा, गंज सोडवणारे तेल टाकून गाडी रात्रभर ठेवावी. मग हेड गरम करावे. उष्णतेने ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट फुगते, म्हणून पकड सैल होते. पाना एकाच दिशेने न रेटता थोडा पुढे, थोडा मागे करावा. एवढे करूनही तुटला आणि टोक बाहेर राहिले तर त्यावर नट ठेवून आतून वेल्डिंग मारावे. वेल्डिंगच्या धगीने आटे सुटतात आणि पाना धरायला नवे डोकेही मिळते. पोलादाचे वेल्डिंग ॲल्युमिनियमला चिकटत नाही ही त्यातली मेहेरबानी. पण ॲल्युमिनियम लाल न होताच ६६० अंशांना वितळते, तेव्हा वेल्डरचा हात सावध हवा. अगदी तोंडाशी तुटला असेल तर बरोबर मध्यावर पंच मारून, लहान ड्रिलपासून वाढवत गाभा पोखरायचा. उलट्या फिरणाऱ्या ड्रिलने कित्येकदा पोखरता पोखरताच तुकडा बाहेर येतो. आटे गेलेच तर हेलीकॉईलची स्प्रिंग बसवून त्याच मापाचे नवे आटे मिळतात, आणि ॲल्युमिनियममध्ये ते मूळच्यांपेक्षा मजबूत असतात.

स्पार्क मशीन हा शेवटचा उपाय. सोव्हिएत रशियात १९४३ साली लाझारेन्को दांपत्याने ठिणगीने धातू कोरण्याची ही रीत शोधली. तिला पोलाद कडक की नरम याची पर्वा नसते. घड्याळजींचा एक जुना उपायही एका कारागिराने सांगितला. पितळी भागात तुटलेला पोलादी स्क्रू ते तुरटीच्या गरम पाण्यात ठेवून विरघळवतात. पोलाद जाते, पितळ राहते, आणि ॲल्युमिनियमवरही हे चालते. सहा मिलिमीटरच्या स्टडला मात्र दिवसचे दिवस लागतील. गिऱ्हाईक तेवढे थांबणार नाही, हा भाग वेगळा!

या सगळ्यात गूढ असे काही नाही. तुटलेला स्टड काढण्याचा पाठ आयटीआयच्या फिटरच्या अभ्यासक्रमात आहे. पण आमच्या मोहल्ल्यांतील बहुतेक मुले आयटीआयची पायरी न चढता थेट गॅरेजमध्ये येतात आणि उस्ताद जे दाखवील तेच शिकतात. दाखवायला वेळ न देणाऱ्या उस्तादाने दंड वसूल करायला वेळ काढावा, हे आम्हाला पटत नाही.

आता हक्काचे बोलू. कारागिराच्या हातून गिऱ्हाइकाची वस्तू बिघडली तर भरपाई कोणी द्यावी, हा प्रश्न आमच्या फुकहांनी हजार-बाराशे वर्षांपूर्वी धोबी, रंगारी, शिंपी यांच्या निमित्ताने बारकाईने तपासला आहे. इमाम अबू हनीफा (रह.) यांच्या मते वस्तू कारागिराच्या कृतीशिवाय नष्ट झाली तर तो जबाबदार नाही, परंतु धोब्याने आपटताना कपडा फाडला तर भरपाई त्याच्यावर. इमाम शाफई (रह.), ज्यांचा मसलक आमचे कोकणी बांधव पाळतात, यांचा कल असा होता की हयगय नसेल तर कारागिरावर भरपाई नाही. मात्र लोक बिघडलेले पाहून ते तसा फतवा देत नसत, असे त्यांचे शिष्य रबी यांनी सांगून ठेवले आहे. आजच्या गॅरेजांकडे पाहून ही सावधगिरी किती योग्य होती ते कळते.

पण हा सारा वाद गिऱ्हाईक आणि दुकानदार यांच्यातला आहे. दुकानात पगारावर राबणारा मुलगा 'अजीर खास', म्हणजे एकाच मालकाचा नोकर. त्याच्या हातून नेमून दिलेले काम करताना नुकसान झाले तर, त्याने मुद्दाम किंवा हयगयीने केले नसेल तोवर, हनफी फिक्हमध्येही त्याच्यावर भरपाई येत नाही. देशाच्या कायद्याची दिशाही तीच. १९३६ च्या वेतन प्रदान कायद्यात नुकसानीबद्दल पगार कापावयाचा तर ते नुकसान कामगाराच्या हयगयीमुळेच झालेले असावे आणि आधी त्याला आपली बाजू मांडू द्यावी, अशी अट होती. २०१९ च्या वेतन संहितेतही ती आहे. आमच्या समोरच्या मुलाला बाजू मांडायला किती वेळ मिळाला? उस्तादांनी चहा संपवला तेवढा.

गिऱ्हाईकही यातून सुटत नाही, आणि आम्ही स्वतःला वगळत नाही. पाच वर्षे जो स्टड आम्ही कधी पाहिला नाही, त्याच्या गंजाचे मालक आम्हीच. तो काढण्याचा रास्त खर्च आमच्यावर, हे आम्हाला मान्य आहे. परंतु पाना लावण्याआधी "हा तुटण्याची शक्यता आहे, तुटल्यास इतका खर्च येईल, करू का?" एवढे विचारणे दुकानदाराचे कर्तव्य. न विचारता तुटला तर निदान अर्धे त्याने सोसावे. आणि इझी-आऊट स्वतःच्या हाताने आत तोडला, त्याचा स्पार्क मशीनचा खर्च पूर्णपणे त्याचाच. त्यात ना गिऱ्हाइकाचा संबंध, ना मुलाचा.

याहून वाईट प्रकारही चालतो. तुटलेल्या बोल्टचे डोके एपॉक्सीने जागेवर चिकटवून गाडी देऊन टाकायची. वरून पाहिले तर बोल्ट शाबूत, आत पकड शून्य. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या ढिगात हात घातला तेव्हा आतले धान्य ओले लागले, ही हदीस सर्वांना ठाऊक आहे. विक्रेत्याने पावसाचे कारण सांगितले. आपण (स.) पावसाबद्दल त्याला दोष दिला नाही. ओले धान्य वर का ठेवले नाहीस, एवढेच विचारले. बोल्ट तुटणे हा पाऊस आहे आणि डोके चिकटवणे हे ओले धान्य खाली दडवणे आहे.

उलव्यात आता गिऱ्हाइकांची कमतरता राहणार नाही. विमानतळावरून २५ डिसेंबर २०२५ पासून विमाने उडू लागली. अटल सेतू १२ जानेवारी २०२४ ला उघडला, पण त्यावर मोटारसायकलला मज्जाव आहे, म्हणून आमचा दुचाकीवाला अजून लांबच्या रस्त्यानेच झिजतो. घरोघरी पार्सल पोचवणाऱ्या मुलाची गाडी चार दिवस अडकली तर त्याची चार दिवसांची रोजी जाते. शेजारशेजारच्या चार-पाच गॅरेजवाल्यांनी मिळून सहा व आठ मिलिमीटरचा एक हेलीकॉईल संच आणि उलट्या ड्रिलचा एक डबा घेतला, एका मुलाला ते काम नीट शिकवले आणि त्याचा दर पाटीवर लिहिला, तर ही रखडपट्टी पुष्कळ कमी होईल. स्टड परत बसवताना आट्यांना तांब्याचे ग्रीस लावावे आणि सहाच्या बोल्टला सुमारे एक किलोग्रॅम-मीटरपेक्षा जास्त ताण देऊ नये, हेही त्या पाटीखाली लिहावयास हरकत नाही.

आमच्या गाडीच्या नव्या स्टडला ते ग्रीस त्याच मुलाने लावले. बाराशे रुपये मात्र हे लिहीपर्यंत त्याला परत मिळालेले नाहीत. या आठवड्यात आम्ही उस्तादांकडे पुन्हा जाणार आहोत.