बालविभागाच्या कपाटाची किल्ली

महाराष्ट्रातील शासनमान्य सार्वजनिक ग्रंथालयांची संख्या ११ हजारांच्या पुढे आहे. त्यांपैकी बऱ्यापैकी मोठ्या ग्रंथालयांत ‘बालविभाग’ अशी पाटी आढळते. पाटीखाली बहुधा एक लोखंडी कपाट असते, कपाटाला कुलूप असते आणि किल्ली ग्रंथपालाच्या टेबलाच्या खणात असते. वाचनसंस्कृतीच्या ऱ्हासावर परिसंवाद झडतात, दूरचित्रवाणीला आणि भ्रमणध्वनीला दोष दिला जातो, १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन साजरा होतो. परंतु ती किल्ली खणातच का राहते आणि ज्याच्या हाती ती आहे त्याला मुलांपुढे कपाट उघडून बसण्याचे शिक्षण कोणी दिले आहे काय, हा प्रश्न परिसंवादात सहसा निघत नाही.

महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ साली झाला आणि १ मे १९६८ पासून अमलात आला. मद्रास प्रांताने १९४८ च्या कायद्यात ग्रंथालय उपकराची तरतूद केली होती. महाराष्ट्राने तो मार्ग टाळला आणि ग्रंथालय निधीत शासनाने दरसाल किमान २५ लाख रुपये घालावेत, एवढ्यावर भागवले. ग्रंथालये चालवायची नोंदणीकृत संस्थांनी, शासनाने द्यायचे अनुदान, अशी ही रचना आहे. अनुदानासाठी अ, ब, क, ड असे वर्ग पाडले गेले. वरच्या वर्गाच्या ग्रंथालयांनी बालविभाग आणि महिला विभाग ठेवावा, अशी अपेक्षाही ठेवली गेली. मात्र हे विभाग चालवणारा माणूस कसा असावा आणि तो कसा तयार व्हावा, याचा विचार त्या अपेक्षेत नाही. परिणामी बालविभाग ही वार्षिक अहवालातील एक ओळ ठरली.

प्रशिक्षण मुळीच नाही, असे नव्हे. ग्रंथालय प्रमाणपत्राचे वर्ग जिल्ह्याजिल्ह्यांत चालतात आणि खेड्यापाड्यांतील शेकडो तरुण-तरुणींना त्यांनी या व्यवसायात आणले, हे मान्य केलेच पाहिजे. विद्यापीठांतून पदवी आणि पदव्युत्तर अभ्यासक्रमही आहेत. पण या सर्व शिक्षणाचा भर ग्रंथावर आहे. ग्रंथाचे वर्गीकरण, तालिकीकरण, दाखल नोंद, देवघेव, पडताळणी आणि अलीकडे संगणकीकरण हे त्याचे विषय. ग्रंथ कोठे ठेवावा हे शिकवले जाते. सहा वर्षांची मुलगी दारात येऊन उभी राहिली तर पुढे काय करावे, हे शिकवले जात नाही. रंगनाथन यांनी १९३१ साली आपल्या पंचसूत्रीत ग्रंथाइतकेच वाचकाला केंद्रस्थानी आणले, आणि ती पंचसूत्री परीक्षेत पाचही गुणांसह लिहिली जाते!

मुलांसोबत काम करणे हा मायाळू स्वभावाचा भाग आहे, त्याला शिक्षण कशाला, अशी समजूत सुशिक्षितांतही खोल रुजलेली आहे. ती तपासून पाहिली पाहिजे. चार वर्षांच्या मुलाला चित्रांचे पुस्तक दाखवताना मजकूर कोठे थांबवावा आणि चित्राकडे बोट कधी न्यावे. नऊ वर्षांचा मुलगा पाठ्यपुस्तक अडखळत वाचतो, त्याला लाज न वाटेल असे सोपे पुस्तक कोणते द्यावे. अंध किंवा कर्णबधिर मुलाला गोष्टीच्या वर्तुळात कसे सामावून घ्यावे. मोठ्याने वाचन करताना खानदेशात अहिराणीचा, मेळघाटात कोरकूचा, नंदुरबारच्या डोंगरात पावरीचा आधार कसा घ्यावा. जातीचा, रंगाचा, मुलीच्या जातीचा उपहास करणारी पुस्तके खरेदीच्या यादीतून कशी गाळावीत – ही सारी कामे अभ्यासाने आणि सरावाने येणारी आहेत. प्रमाण मराठी हीच पुस्तकाची भाषा आणि घरची भाषा ही अशुद्ध, असे ग्रंथपालच नकळत सुचवत असेल, तर दुसऱ्या खेपेस ते मूल येत नाही. ते का आले नाही, याची नोंद कोणत्याही नोंदवहीत होत नाही.

मुलामागे कुटुंब असते. मध्यमवर्गीय घरातील मूल आईवडिलांच्या बोटाला धरून ग्रंथालयात येते, त्याची वर्गणी आणि अनामत भरलेली असते. शेतमजुराच्या मुलाची आई ग्रंथालयाच्या पायरीपर्यंतही आलेली नसते. ती निरक्षर असेल तर पुस्तक आपल्यासाठी नाही, असे तिने गृहीत धरलेले असते. वास्तविक अक्षर न वाचता येणारी आईसुद्धा चित्रांवरून मुलाशी बोलू शकते, मूल वाचत असताना ऐकू शकते, स्वतःची गोष्ट सांगू शकते. हे तिला कोणीतरी, तिचा कमीपणा न दाखवता, करून दाखवावे लागते. बीड जिल्ह्यातील ऊसतोडणी कामगारांची कुटुंबे दसरा-दिवाळीच्या सुमारास गाव सोडतात आणि पाच-सहा महिने परत येत नाहीत. त्यांच्या मुलांचे सभासदत्व कसे चालू ठेवावे, जाताना त्यांच्यासोबत पुस्तके द्यावीत काय, कारखान्यावरच्या कोपींत ती फाटली तर काय करावे, हे ग्रंथालयशास्त्राचेच प्रश्न आहेत. अनामत आणि कायम पत्ता यांच्या अटीपुढे ते संपून जातात.

आता ज्याने हे सारे करायचे त्याच्या पगाराकडे पाहावे. २०२२ साली राज्य मंत्रिमंडळाने अनुदानात ६० टक्के वाढ करण्याचा निर्णय घेतला, तेव्हा ‘ड’ वर्गाच्या ग्रंथालयाचे वार्षिक अनुदान ३० हजारांवरून ४८ हजार रुपयांवर गेले. अनुदानाचा निम्मा भाग वेतनासाठी आणि निम्मा इतर खर्चासाठी धरला जातो. म्हणजे वाढीनंतरचा हिशोब वर्षाला २४ हजार आणि महिन्याला २ हजार रुपये असा येतो. वाढीपूर्वी तो साडेबाराशे रुपये होता. दिवसाच्या मजुरीशी याची तुलना वाचकांनी स्वतःच करावी. या रकमेत ग्रंथपाल वर्तमानपत्रे लावतो, झाडलोट करतो, देवघेव पाहतो, तपासणीची कागदपत्रे तयार करतो. पडताळणीत पुस्तक कमी भरले तर जबाबदार तोच. किल्ली खणात का राहते, याचे उत्तर येथे आहे. पाच वर्षांच्या मुलाच्या हाती शंभर-दीडशे रुपयांचे चित्रांचे पुस्तक देणे म्हणजे ते मळणार, दुमडणार, एखादे पान फाटणार, हे ठरलेले आहे. दोन हजारांच्या मानकऱ्याने हा धोका का पत्करावा? त्याच्यावर अनास्थेचा ठपका ठेवणे सोपे आहे. ज्या व्यवस्थेत पुस्तक न हरवणे हा चांगल्या ग्रंथपालाचा गुण ठरतो आणि पुस्तक वापरून झिजणे हा दोष ठरतो, त्या व्यवस्थेत तो शहाणपणाने वागतो आहे.

बालकांसाठी ग्रंथपाल घडवणे ही काही आजची कल्पना नव्हे. सयाजीराव गायकवाडांनी १९१० साली विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालास बडोद्यास पाचारण केले आणि १९११ मध्ये तेथे ग्रंथालय प्रशिक्षणाचा वर्ग सुरू झाला. बडोद्याच्या व्यवस्थेत फिरती ग्रंथपेटी होती, मुलांसाठी दालन होते आणि ज्यांना वाचता येत नाही अशांसाठी चित्रदर्शनाची स्वतंत्र शाखाही होती. हे एका संस्थानिकाने केले, ही गोष्ट लोकशाही शासनांना बोचायला हवी. अमेरिकेत पिट्सबर्गच्या कार्नेगी ग्रंथालयाने केवळ बालग्रंथपालांसाठी शाळा काढली ती १९०१ साली. ज्या पोलादसम्राटाचे नाव त्या ग्रंथालयाला होते, त्याच्याच होमस्टेड कारखान्यातील कामगारांचा संप १८९२ मध्ये बंदुकीच्या बळावर मोडला गेला होता. दानाच्या पैशाचा हा इतिहास विसरू नये. परंतु स्थलांतरित कामगारांच्या मुलांना गोष्ट सांगणे हे शिकून करायचे काम आहे आणि त्याला स्वतंत्र अभ्यासक्रम लागतो, एवढे त्या शहराने ओळखले होते.

खुद्द महाराष्ट्रातले उदाहरण याहून जवळचे आहे. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले, अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या आणि पुढे हे काम कोसबाडच्या आदिवासी भागात गेले. मुले बालवाडीत येत नाहीत असे दिसताच बालवाडीच मुलांच्या अंगणात नेण्यात आली. त्यासाठी शहरातून पदवीधर आणवले नाहीत. स्थानिक स्त्रियांनाच बालसेविकेचे शिक्षण देण्यात आले. पाने, बिया, शंख-शिंपले हीच साधने झाली. लहान मुलांचे संगोपन आणि शिक्षण हे ‘बायकांना येतेच’ असे मानण्याऐवजी त्याचे शास्त्र आहे आणि ते चौथी शिकलेल्या बाईलाही शिकवता येते, हा त्या प्रयोगाचा खरा क्रांतिकारक आशय होता. १९७५ साली एकात्मिक बालविकास सेवा योजना आली, तेव्हा अंगणवाडी हा शब्द देशभर गेला. आज अंगणवाडी सेविकेला अपुरे का होईना, सेवेतील प्रशिक्षण आणि उजळणी वर्ग मिळतात. तिच्या कामाला मात्र वेतन म्हणत नाहीत, मानधन म्हणतात. कसब मान्य करायचे पण मोल मान्य करायचे नाही, हा तेथला डाव. ग्रंथपालाच्या बाबतीत दोन्ही नाकारले गेले आहे. मुलांचे काम हे कसब नव्हे असे एकदा ठरवले, की त्याला शिक्षण द्यावे लागत नाही आणि शिक्षण दिले नाही की वेतनश्रेणीही मागता येत नाही. शासनाचा पैसा असा दोन्हीकडून वाचतो.

ही पोकळी काही अंशी विश्वस्त संस्थांनी भरली आहे. टाटा ट्रस्टच्या ‘पराग’ उपक्रमाने मुलांच्या ग्रंथालयात काम करणाऱ्यांसाठी अभ्यासक्रम उभा केला. गोव्यातील ‘बुकवर्म’सारख्या संस्थेने मुलांचे ग्रंथालय म्हणजे काय, हे प्रत्यक्ष चालवून दाखवले. त्यांचा अनुभव मोलाचा आहे आणि तो शिकून घेण्यात कोणी कमीपणा मानू नये. तथापि अशा अभ्यासक्रमांची क्षमता काही डझन प्रशिक्षणार्थींची असते आणि प्रश्न ११ हजार ग्रंथालयांचा आहे. नमुना संस्थांनी दाखवावा, व्याप्ती शासनाने द्यावी, हे सूत्र सोडून नमुन्याकडे बोट दाखवून जबाबदारी टाळणे हे सध्या शिक्षण आणि आरोग्य या दोन्ही क्षेत्रांत सर्रास चालू आहे. ग्रंथालयांत ते होऊ देता कामा नये.

ग्रंथालय कर्मचाऱ्यांच्या चळवळीतून एक आक्षेप येतो, आणि तो रास्त आहे. पोटाला पुरेल एवढे वेतन आधी द्या, प्रशिक्षणाचे ओझे नंतर लादा, असे कर्मचारी म्हणतात. प्रशिक्षण म्हणजे पदरमोड करून तालुक्याला जाणे, बिनपगारी रजा आणि परत आल्यावर त्याच पगारात अधिक काम, हा त्यांचा अनुभव असेल तर त्यांचे काय चुकले? म्हणूनच ही मागणी वेतनाच्या मागणीपासून तोडता येणार नाही. प्रशिक्षण सेवाकाळातील हवे, जिल्हा ग्रंथालयात हवे, त्या दिवसांचा पगार आणि प्रवासखर्च मिळाला पाहिजे, आणि ते पूर्ण करणाऱ्यास वेतनवाढ हक्काने मिळाली पाहिजे. त्यातील निम्मा काळ तरी वर्गाबाहेर, अंगणवाडीत, वस्तीवर, बाजाराच्या दिवशी जावा. प्रमाणपत्र परीक्षेत बालक आणि कुटुंब यांच्या सेवेचा स्वतंत्र प्रश्नपत्रिकेइतका भाग असावा. बालविभागात झिजलेली आणि गहाळ झालेली पुस्तके ठरावीक मर्यादेपर्यंत चालू खर्च मानून निर्लेखित व्हावीत. ग्रंथपालाच्या खिशातून त्यांची वसुली होऊ नये. शेवटची मागणी क्षुल्लक वाटेल, पण कुलूप निघणार असेल तर ते तिच्यामुळेच निघेल.

शासनाकडे बोट दाखवून पक्षाच्या कार्यकर्त्यांना मोकळे होता येणार नाही. अनेक गावांतील आणि उपनगरांतील ग्रंथालयांच्या व्यवस्थापक मंडळांवर पुरोगामी विचारांची माणसे वर्षानुवर्षे बसलेली आहेत. काही ग्रंथालये तर सेवादलाच्या शाखांतून आणि कामगार वस्त्यांतील वाचनालयांतूनच वाढली. साने गुरुजींच्या जयंतीला तेथे कथाकथन स्पर्धा होतात, उत्तम व्याख्यानमाला होतात, वक्त्याच्या मानधनाची आणि प्रवासाची चोख व्यवस्था असते. त्याच मंडळाने आपल्या ग्रंथपालाला शेवटचे शिकायला केव्हा पाठवले, हे विचारले तर सभा गप्प होईल. शासनाच्या अनुदानाखेरीज आपल्या उत्पन्नातून ग्रंथपालाच्या वेतनात भर घालणे कायद्याने वर्ज्य नाही. किती मंडळांनी ती घातली? समान वेतनाचे ठराव मोर्चात मांडणारे कार्यकर्ते संस्थेचे चालक झाले, की ताळेबंदाकडे पाहून बोलू लागतात, हे नवे नाही.

वार्षिक सर्वसाधारण सभेत काही गोष्टी शासकीय आदेशाची वाट न पाहता ठरवता येतात. चौदा वर्षांखालील मुलांची अनामत माफ करणे. बालविभागाचे कपाट मुक्तद्वार ठेवणे. हरवलेल्या बालपुस्तकांची रक्कम संस्थेच्या खर्चात टाकणे. आठवड्यातून एक दुपार, जेव्हा शेतावरची किंवा धुण्याभांड्याची कामे आटोपून आया मोकळ्या असतात, ग्रंथालय त्यांच्यासाठी उघडणे. आणि ग्रंथपालाला वर्षातून पंधरा दिवस भरपगारी शिक्षणरजा देऊन त्या काळात मंडळाच्या सभासदांनी आळीपाळीने देवघेवीच्या टेबलावर बसणे. शेवटचा ठराव सर्वांत अवघड जाईल. तालुक्याच्या ठिकाणी तीन-चार ग्रंथालयांनी एकत्र येऊन असे वर्ग येत्या उन्हाळ्याच्या सुट्टीत घेतले, तर ऊसतोडणीहून परतलेली मुलेही त्या वेळी गावातच असतील.