तळहातावरचा ‘क्वांटम’

वऱ्हाडातल्या सरकारी रुग्णालयांत हल्ली केसपेपरबरोबर कधी कधी आणखी एक गठ्ठा डॉक्टरांच्या टेबलावर येतो. रंगीत छापलेली तीस-चाळीस पाने. त्यांवर यकृत, मूत्रपिंड, हाडांची घनता, जीवनसत्त्वे, रक्तातली साखर, झालेच तर मेंदूचा थकवा, असे सगळे आकड्यांत मांडलेले असते. एवढ्या तपासण्यांसाठी रक्ताचा एक थेंबही घेतलेला नसतो. एखाद्या मंगल कार्यालयातल्या शिबिरात जायचे, तळहातात धातूची कांडी धरायची, मिनिटभर थांबायचे, की रिपोर्ट तयार. ‘‘मशीननं तं सारंच सांगतलं ना जी,’’ असे रुग्ण मोठ्या भरवशाने सांगतो. मशीनचे नाव ‘क्वांटम’ शब्दाने सुरू होते आणि रिपोर्टच्या मागोमाग पूरक आहाराच्या डब्यांची यादी येते.

पैसे गेले एवढ्यावर हे थांबत नाही. त्या कागदावर साखर ‘सामान्य’ निघाली म्हणून गोळ्या बंद करणारे असतात. इन्सुलिनवर जगणाऱ्या माणसाने इन्सुलिन थांबवले तर काही दिवसांतच रक्तातली आम्लता वाढून तो अतिदक्षता विभागात पोचतो. उलट, ज्याला काहीच झालेले नाही त्याला पंधरा आजारांची यादी हातात मिळते आणि त्याची झोप उडते.

या धंद्याला हाच शब्द का लागतो, हे पाहण्यासारखे आहे. विक्रेत्याचा युक्तिवाद साधारण असा: जुने विज्ञान शरीराला यंत्र समजत होते, क्वांटम विज्ञानाने ते खोटे पाडले, आता सगळे ऊर्जा आणि कंपने, म्हणून रक्त-लघवीच्या तपासण्या मागासलेल्या. बी.एस्सी. झालेली मंडळीही इथे मान डोलावतात. कारण क्वांटमने न्यूटनला हरवले, ही समजूत शाळा-कॉलेजातूनच रुजलेली असते. संयुक्त राष्ट्रांनी २०२५ हे क्वांटम विज्ञानाचे वर्ष म्हणून साजरे केले, आपल्याकडे २०२३ मध्ये सहा हजार कोटींहून अधिक रकमेचे राष्ट्रीय क्वांटम मिशन मंजूर झाले; शब्दाला वलय आहेच. पण हरवले हा शब्द चुकीचा आहे. अणूंच्या जगाची पुंज यामिकी आणि दगड-धोंड्यांच्या, गाड्या-ग्रहांच्या जगाची अभिजात यामिकी या दोन सवती नाहीत. पहिलीच्या पोटातून दुसरी निघते. ती कशी निघते हे कळले, तर तळहातावरच्या कांडीचे काय करायचे तेही कळते.

अमरावती-अकोला महामार्ग घ्या. २०२२ च्या जूनमध्ये १०५ तास ३३ मिनिटांत ७५ किलोमीटर डांबरी थर टाकल्याचा गिनेस विक्रम ज्यावर झाला, तोच. लुई द ब्रॉयने १९२४ मध्ये मांडले की चालणाऱ्या प्रत्येक वस्तूला एक तरंगलांबी असते. म्हणजे या रस्त्यावरून ताशी साठ किलोमीटरने धावणाऱ्या दहा टनांच्या एसटीलाही ती आहेच. हिशेब केला तर दशांश चिन्हानंतर अडतीस शून्ये आणि मग ४, इतके मीटर. प्रोटॉनच्या रुंदीचे कोटी कोटी कोटी भाग केले तरी त्यातला एक भाग या लांबीपेक्षा मोठा भरेल. हायड्रोजनच्या अणूतल्या इलेक्ट्रॉनची तरंगलांबी मात्र अणूच्याच मापाची असते, म्हणून तिथे तरंगपणाशिवाय पान हलत नाही. एसटीचा नियम वेगळा नाही. नियम तोच, फक्त त्याचा परिणाम मोजता येण्याच्या पलीकडे गेला. पॉल एहरेनफेस्टने १९२७ मध्ये गणिताने दाखवले की पुंज यामिकीतल्या सरासरी घेतल्या तर त्या न्यूटनच्या नियमासारख्याच वागतात. बाजार समितीच्या धर्मकाट्यावर कापसाची गाडी चढते तेव्हा एक धागा इकडे-तिकडे झाल्याने काटा हलत नाही, तसेच काहीसे.

कागदावरच्या या गणिताचा पुरावा हवा असेल तर तो एमआरआय केंद्रात रोज तयार होतो. शरीरातल्या पाण्यात हायड्रोजन असतो, त्याचे केंद्रक म्हणजे प्रोटॉन. प्रोटॉनला स्पिन नावाचा गुण आहे आणि तो अस्सल पुंज यामिकीतला आहे. दीड टेस्लाच्या चुंबकात रुग्णाला झोपवले की हे स्पिन ढोबळमानाने दोन बाजूंना वाटले जातात, काही चुंबकाच्या दिशेने, काही उलट. शरीराच्या उष्णतेमुळे ही वाटणी जवळजवळ निम्मीनिम्मी होते. दिशेने असणाऱ्यांचे मताधिक्य किती, तर दहा लाखांत पाच! निवडणुकीत अशा फरकावर फेरमतमोजणी मागितली जाईल. पण एक मिलिलिटर पाण्यातच प्रोटॉन इतके असतात, की या पाचांची बेरीज ३ च्या पुढे सतरा शून्ये इतकी होते. एवढे इवलेसे चुंबक एकत्र आले की त्यांचा मिळून एक मोठा चुंबक बनतो आणि तो चक्क भोवऱ्यासारखा, कलून, सेकंदाला सुमारे ६ कोटी ४० लाख वेळा घुमतो. या भोवऱ्याची समीकरणे फेलिक्स ब्लॉखने १९४६ मध्ये लिहिली. ती न्यूटनच्या जमान्यातल्या माणसालाही ओळखीची वाटतील अशी आहेत. एमआरआयच्या रिपोर्टमध्ये ‘टी-१’ आणि ‘टी-२’ असे जे लिहिलेले असते, ते याच समीकरणांतले दोन काळ. एकेका प्रोटॉनचे काय झाले, हे ना यंत्राला ठाऊक ना रेडिओलॉजिस्टला. तरी मेंदूतली गाठ मिलिमीटरच्या हिशेबात दिसते.

दुसरे उदाहरण कॅन्सरच्या उपचारातले. कोबाल्ट-६० चे यंत्र अनेकांनी पाहिले असेल. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने विकसित केलेले ‘भाभाट्रॉन’ त्याच जातीचे. त्यातले कोबाल्टचे एक केंद्रक घेतले आणि विचारले, हे कधी फुटेल? पुढच्या सेकंदाला की शंभर वर्षांनी, कोणीही सांगू शकत नाही. प्रचलित सिद्धांतानुसार तिथे सांगण्यासारखे काही दडलेलेच नाही. हे रुग्णाच्या बाबतीत डॉक्टर ‘शंभरात इतके’ म्हणतात त्यापेक्षा वेगळे आहे. तिथे आपल्याला सगळी माहिती नसते. इथे माहिती मुळातच नाही. आणि तरीही संपूर्ण स्रोताची तीव्रता ५.२७ वर्षांत बरोबर निम्मी होते, महिन्याला एक टक्क्याहून किंचित जास्त घटते. म्हणून मागच्या महिन्यात दोन मिनिटे किरण दिले असतील तर या महिन्यात तेवढ्याच मात्रेसाठी सव्वा सेकंद वाढवावा लागतो आणि वैद्यकीय भौतिकतज्ज्ञ तो निमूटपणे वाढवतो. एकाची पूर्ण अनिश्चिती आणि समूहाची घड्याळाच्या काट्यासारखी शिस्त, दोन्ही एकाच डबीत. ज्या शास्त्राला ‘काहीही घडू शकते’ म्हणून विकले जाते, त्याच्यावर विसंबून गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचे उपचार असे सेकंद मोजून होतात.

आता राहिला तो चमत्कारिक भाग. सूक्ष्म कण एकाच वेळी दोन वाटांनी जाऊ शकतो, हे खरे आहे. मग एसटी एकाच वेळी बडनेऱ्यात आणि मूर्तिजापुरात का नसते? नुसता आकार हे पुरेसे उत्तर नाही. व्हिएन्नात १९९९ मध्ये साठ कार्बन अणूंच्या रेणूंनी दोन वाटांनी गेल्याची खूण दाखवली. २०१९ मध्ये सुमारे दोन हजार अणूंच्या रेणूंनीही. उत्तराचा महत्त्वाचा भाग आहे आजूबाजूची गर्दी. त्याच व्हिएन्नातल्या गटाने २००४ मध्ये सत्तर कार्बनचे रेणू लेझरने तापवत नेले. तापलेला रेणू स्वतःच प्रकाशकण सोडू लागला, त्या प्रकाशकणांनी तो कुठे आहे याची चुगली केली आणि दोन वाटांचा ठसा पुसत गेला. हवेचे रेणू आदळले तरी तेच होते. याला ‘डीकोहेरन्स’ म्हणतात, म्हणजे लय मोडणे. भजनात टाळ धरलेल्या दोघांची लय जुळलेली असावी आणि भोवतीच्या बाजाराच्या गोंगाटात ती विस्कटून जावी, तसे. एसटी तर सोडाच, हवेतला धुळीचा कणही हा गोंगाट टाळू शकत नाही. त्याची लय सेकंदाच्या अब्जांश भागाच्याही पुष्कळ आधी मोडते.

शरीर म्हणजे ३७ अंशांवरचे, ओले आणि सतत हलणारे जग. मॅक्स टेगमार्कने २००० मध्ये मेंदूतल्या पेशींसाठी हिशेब केला. असा दुहेरीपणा तिथे जास्तीत जास्त एका सेकंदाच्या दहा लाख कोटीव्या भागाइतका टिकेल, असे त्यातून निघाले. मज्जापेशीला एक संदेश सोडायला सेकंदाचा हजारावा भाग लागतो. म्हणजे विचार सुरू होण्याच्या कितीतरी आधी सगळे विस्कटलेले असते. शरीरात क्वांटम नाही असा याचा अर्थ नव्हे. क्ष-किरणाचा एकच कण डीएनएची कडी तोडू शकतो, काही विकरांमध्ये प्रोटॉन अडथळ्यातून आरपार जातो. पण हे सारे एका रेणूपुरते आणि क्षणभराचे. यकृताची ‘क्वांटम कंपने’ तळहातापर्यंत शाबूत चालत येतील आणि तिथे कांडी त्यांची वाट पाहत असेल, याला कोणताही आधार नाही. धातूची कांडी धरून फार तर त्वचेतून वीज किती सहज वाहते ते मोजता येईल आणि तो आकडा वैशाखात घामानेच बदलतो.

विक्रेता यावर २०२५ चे नोबेल पुढे करील. जॉन क्लार्क, मिशेल देवोरे आणि जॉन मार्टिनिस यांना ते मिळाले, हातात धरता येईल एवढ्या विद्युतमंडलात क्वांटम परिणाम दाखवल्याबद्दल. ते बरोबरच आहे. पण १९८४-८५ मधल्या त्या प्रयोगांतले मंडल निरपेक्ष शून्याच्या जवळ थंड केलेले आणि बाहेरच्या खळबळीपासून जिवापाड जपलेले होते. एमआरआयचा अतिसंवाहक चुंबकसुद्धा उणे २६९ अंशांच्या द्रवरूप हेलियमवर जगतो. मोठ्या वस्तूत क्वांटम टिकवायला काय लागते, हे त्यावरून दिसते. अकोल्याच्या मे महिन्यातल्या मंगल कार्यालयात यातले काहीही नसते.

एक गाठ अजून सुटलेली नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. डीकोहेरन्सने दोन शक्यतांमधली लय मोडते, पण मग दोहोंतली नेमकी एकच प्रत्यक्षात का दिसते? यावर मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले तेजिंदर पाल सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये मोठा आढावा लिहिला. वस्तू मोठी झाली की तिचा दुहेरीपणा आपोआप कोसळत असावा, या कल्पनेच्या वेगवेगळ्या आवृत्त्या आणि त्या प्रयोगाने कशा तपासता येतील, याचा तो लेखाजोखा आहे. २०२० मध्ये इटलीतल्या ग्रान सासो डोंगराखालच्या प्रयोगाने यातली गुरुत्वाकर्षणावर बेतलेली सर्वांत साधी आवृत्ती बाद केली. शास्त्रज्ञ आपलीच कल्पना डोंगराखाली नेऊन तपासतात आणि नापास झाली तर तसे छापतात. कांडीवाल्यांकडून एवढीच अपेक्षा ठेवता येईल: शंभर जणांचा तळहात आणि त्याच शंभर जणांचे रक्त, दोन्ही आकडे शेजारी शेजारी ठेवावेत. शिबिराला जागा आणि परवानगी देणाऱ्यांनीही तेच विचारावे. मधुमेहासारख्या आजाराचे निदान किंवा इलाज चमत्कारी साधनांनी करण्याच्या जाहिरातीला १९५४ च्या कायद्याने बंदी आहे. त्यासाठी नवा कायदा नको, जुनाच वापरायचा आहे.

शिबिरातला तो कागद घेऊन आलेल्या रुग्णाला रागावण्यात अर्थ नाही. तो तपासणी करून घ्यायलाच निघाला होता. त्याची साखर तिथल्या तिथे ग्लुकोमीटरवर पाहावी. त्या पट्टीवरचे विकर ग्लुकोजच्या प्रत्येक रेणूकडून दोन इलेक्ट्रॉन काढून घेते, अशा असंख्य इलेक्ट्रॉनांचा मिळून प्रवाह बनतो आणि त्याचा आकडा पडद्यावर उमटतो. २०१३ च्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार १०० च्या वर साखर असेल तर शंभरातली किमान ९५ मोजमापे प्रयोगशाळेच्या आकड्याच्या १५ टक्क्यांच्या आत यावी लागतात. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचारांना पैसे पडत नाहीत. तीस वर्षांपुढच्या माणसाची साखर आणि रक्तदाब गावाजवळच्या आरोग्य केंद्रातही पाहिला जातो. बोटाला सुई टोचते, एवढाच काय तो त्रास.