‘जपून राहा’ म्हणजे नेमकं काय करायचं?

गेल्या महिन्यात आमच्या गल्लीतली एक मुलगी एम. एस. करायला जर्मनीला गेली. निगडी प्राधिकरणात हे आता नवलाचं राहिलेलं नाही. चाकणला २००९ साली फोक्सवॅगनचा कारखाना सुरू झाला आणि ‘जर्मन’ हा शब्द हळूहळू आमच्या घरगुती बोलण्यात आला. जायच्या आधीच्या रविवारी तिच्या आईने आम्हा बायकांना चहाला बोलावलं. मुलगी पोह्यांच्या बशा फिरवत होती आणि आम्ही तिला सल्ले देत होतो. एकटी फिरू नकोस. रात्री उशिरा बाहेर राहू नकोस. मुलं राहतात त्या घरात खोली घेऊ नकोस. पार्ट्यांना जाऊ नकोस. फोन बंद ठेवू नकोस. मी मोजले, नऊ सल्ले झाले. त्यातले आठ ‘नकोस’वर संपणारे. नववा होता, थंडीचे कपडे इथूनच ने. तोही चुकीचाच. तिथल्या हिवाळ्याचा कोट आणि बूट तिथेच घ्यावेत, आपले स्वेटर त्या थंडीला पुरे पडत नाहीत.

मला आठवला तो तीन वर्षांपूर्वीचा माझ्या मुलाचा निरोप. याच बायका, हाच चहा. त्याला सगळ्यांनी सांगितलं, मजा कर, नोकरी लागली की आम्हाला फिरायला बोलाव. एकीनेही ‘जपून’ म्हटलं नाही. मी आई, मीसुद्धा नाही. मी त्याच्या बॅगेत मेतकूट आणि चकल्या भरल्या, पण डाळ-भाताचा कुकर लावायला काही शिकवलं नाही. पहिले पंधरा दिवस तो ब्रेड खाऊन राहिला. एका रात्री फोन करून विचारलं, ‘आई, किती शिट्ट्या?’ स्त्री-पुरुष समानतेवर मी भाषणं केली आहेत, त्यामुळे हे लिहिताना लाज वाटते आहे.

त्या मुलीला खरं काय सांगायला हवं होतं? पहिलं म्हणजे पैसा. जर्मनीच्या व्हिसासाठी वर्षाच्या खर्चाची रक्कम आधीच एका बंद खात्यात भरावी लागते. सप्टेंबर २०२४ पासून ही रक्कम ११,९०४ युरो आहे आणि त्यातून महिन्याला ९९२ युरो मिळतात. खातं मुलीच्या नावावर असतं. पण या खात्याचा पासवर्ड वडिलांच्या मोबाइलमध्ये आहे, अशी दोन घरं मला माहीत आहेत. ‘तिला काय कळतंय व्यवहारातलं?’ यंत्रशास्त्राची पदवी घेतलेल्या मुलीबद्दल हे बोललं जातं! पासवर्ड तिचा तिच्याकडेच हवा.

दुसरं घर. तिथे खोली मिळणं अवघड, म्हणून फसवणारेही पुष्कळ. खोली आणि करारपत्र पाहिल्याशिवाय अनामत पाठवू नये. ती मूळ भाड्याच्या तिपटीहून जास्त मागता येत नाही. राहायला गेल्यावर दोन आठवड्यांत नगरपालिकेच्या कचेरीत पत्ता नोंदवायचा, त्यासाठी घरमालकाचं पत्र लागतं. मूळ पासपोर्ट कुणाच्याही ताब्यात द्यायचा नाही. रविवारी दुकानं बंद असतात, तेव्हा शनिवारीच दूध-भाजी भरावी. काही शहरांत तिकीट काढल्यावर ते यंत्रात घालून शिक्काही मारून घ्यावा लागतो, नाहीतर तिकीट असूनही साठ युरो दंड. कुणी हे सांगत नाही आणि पहिल्याच आठवड्यात डोळ्यांत पाणी येतं.

तिसरं शरीर. आरोग्य विमा तिथे सक्तीचा आहे. सार्वजनिक विमा असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञांकडे तपासणीला वेगळे पैसे पडत नाहीत. ‘लग्न न झालेली मुलगी तिकडे कशाला जाईल?’ हा प्रश्न आपला, तिथला नाही. तातडीची गर्भनिरोधक गोळी २०१५ पासून तिथे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय औषधाच्या दुकानात मिळते. हेही सांगावं, तोंड न फिरवता. संकटात सगळ्या युरोपीय संघात चालणारा क्रमांक ११२, जर्मनीत पोलिसांसाठी ११०. हिंसा सोसणाऱ्या बाईसाठी ११६ ०१६, चोवीस तास, फुकट, अनेक भाषांत.

कर्जाविषयीही बोललं पाहिजे. मोठ्या शैक्षणिक कर्जाला बँक तारण मागते. आमच्याकडची घरं नव्व्याण्णव वर्षांच्या भाडेपट्ट्याच्या जमिनीवरची, ती गहाण पडतात. कागदांवर आईची सही असते. किती कागदांवर केली, हप्ता कधी सुरू होणार, हे तिला विचारलं की ती म्हणते, ‘ह्यांना माहीत.’ मुलीला परक्या देशात स्वतंत्र पाठवताना आईने आपल्याच घराचे कागद वाचलेले नसावेत?

या कर्जाला जुनी परंपरा आहे. पंडिता रमाबाई १८८३ साली लहानग्या मनोरमेला घेऊन इंग्लंडला गेल्या, त्या ‘स्त्रीधर्मनीति’ या आपल्याच पुस्तकाच्या पैशांतून. इरावती कर्वे १९२८ साली बर्लिनला गेल्या त्या जीवराज मेहतांनी दिलेल्या कर्जावर. त्यांचे पती दिनकर स्वतः जर्मनीत शिकून आलेले, ते पाठीशी उभे राहिले. सासऱ्यांना मात्र ते जाणं पसंत नव्हतं. सासरे म्हणजे स्त्रीशिक्षणासाठी जन्म वेचणारे महर्षी कर्वे! सुधारकाच्या घरातही सुनेच्या परदेशी जाण्याला नकोच होता, मग आम्ही चहाच्या कपाभोवती आठ वेळा ‘नकोस’ म्हटलं त्यात नवल काय?

पण या ‘नकोस’ची किंमत मी पाहिली आहे. ओळखीतली एक मुलगी. घरमालक आपल्या किल्लीने दार उघडून तिच्या खोलीत यायचा, कधी नळ बघायला, कधी उगाच. तिने सात महिने घरी सांगितलं नाही. कारण तिला माहीत होतं, घरून एकच उत्तर येईल, ‘आधीच सांगितलं होतं, ये परत.’ तिथल्या कायद्याने भाडेकरूच्या संमतीशिवाय मालकाला असं आत येता येत नाही. गावोगावी भाडेकरूंच्या संघटना आहेत. हे तिला वर्गातल्या एका मुलीने सांगितलं, आम्ही नाही. जिला फक्त काय करू नये एवढंच शिकवलं, तिच्या मनात काही वाईट घडलं की पहिली येते ती आपली चूक. मग ती फोन करत नाही. म्हणून सल्ला द्यायचाच तर आधी आईबापांनी स्वतःला द्यावा आणि मुलीला ऐकू जाईल असा द्यावा: काहीही झालं तरी आम्ही तुझं शिक्षण सोडायला लावणार नाही.

त्या रविवारी घरी आल्यावर मी हे सगळं दोन पानांवर लिहून काढलं आणि संध्याकाळी नेऊन दिलं. मुलीने उभ्याउभ्याच वाचलं. आई म्हणाली, ‘याची आणखी एक प्रत काढा, धाकट्याला लागेल.’ धाकटा बारावीत आहे; कुकर लावायला त्याला आता बसवलं आहे म्हणे. शेवटची ओळ मी वडिलांना मोठ्याने वाचून दाखवली. ते बराच वेळ कागदाकडे बघत राहिले, मग म्हणाले, ‘बघू.’