श्रमदानाचा एक दिवस आणि आधाराची तीन वर्षे

मोठ्या कंपन्यांतील अधिकारी व कर्मचारी एखाद्या दिवशी निराधार मुलांच्या वसतिगृहात जातात, भिंती रंगवितात, मोडकी दारे बसवितात आणि सायंकाळी मुलांसमवेत छायाचित्र काढून परततात, हे दृश्य शहरांतून आता नवे राहिलेले नाही. या श्रमांची टवाळी करणे सोपे आहे. पण ती करू नये. वातानुकूलित कक्षात बसणारा माणूस एक दिवस हातात ब्रश धरतो, त्यात निदान त्याच्या मनाचे तरी भले होते. प्रश्न वेगळाच आहे. त्या घरात राहणाऱ्या अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलाचे त्यातून काय भले होते, हा तो प्रश्न होय.

वाशीम जिल्ह्याच्या मालेगाव तालुक्यातील जऊळका हे अकोला-पूर्णा लोहमार्गावरचे गाव. शेतकरी आत्महत्यांमुळे 2006 साली पंतप्रधानांनी विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांसाठी विशेष मदत जाहीर केली, त्यांत वाशीम होता. 2018 मध्ये नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीतही तो आला. अशा गावातला एखादा मुलगा आईबापांवाचून बालगृहात वाढला, अशी कल्पना करावी. अठरा वर्षे पूर्ण झाली की बालगृहाशी त्याचा संबंध संपतो. गावी परतावे तर घर नाही. शहरात जावे तर खोलीची अनामत नाही, जामीन राहणारा नाही, आजारपणात विचारपूस करणारा नाही. ज्या वयात इतरांची मुले घरच्या पैशावर महाविद्यालयात जातात, त्या वयात याला रात्रीच्या निवाऱ्याची विवंचना.

कायदा याबाबतीत मुका नाही. 2015 च्या बालन्याय अधिनियमात संस्थेबाहेर पडलेल्या तरुणांसाठी एकविसाव्या वर्षापर्यंत अनुरक्षणाची कल्पना आहे. त्याखालील 2016 च्या नियमांत सहा ते आठ जणांचे सामूहिक निवास, प्रशिक्षणकाळात विद्यावेतन आणि नियमित संपर्क ठेवणारा समुपदेशक यांचा उल्लेख आहे. महाराष्ट्राने 2018 साली अनाथांना एक टक्का आरक्षणही दिले. परंतु नोकरीच्या परीक्षेपर्यंत पोहोचायचे, तर मधली वर्षे कोठेतरी राहून काढावी लागतात. अमरावती जिल्ह्यातील वझ्झर येथे बेवारस दिव्यांग मुलांना हक्काचे घर देणारे शंकरबाबा पापळकर यांना 2024 मध्ये पद्मश्री मिळाली. अठरा वर्षांनंतर या मुलांनी जावे कोठे, हा प्रश्न ते वर्षानुवर्षे सरकारला विचारीत आले आहेत. धडधाकट मुलांच्या बाबतीतही तो कमी खरा नाही.

आता कंपन्यांकडे वळू. 2013 च्या कंपनी कायद्याचे कलम 135 हे 1 एप्रिल 2014 पासून अमलात आले. वर्षाला 5 कोटी रुपये निव्वळ नफा मिळविणाऱ्या, अथवा ठरावीक मर्यादेहून मोठ्या असलेल्या कंपन्यांनी मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्चावेत, असे ते सांगते. कोणत्या कामांवर खर्च करावा, त्या अनुसूचीत महिला व अनाथ यांच्यासाठी घरे व वसतिगृहे उभारण्याचा समावेश आहे. ‘उभारणे’ हा शब्द ध्यानात घेण्याजोगा आहे. घर चालविण्यास कायद्याची मनाई नाही. परंतु भांडवली खर्च डोळ्यांत भरतो, आवर्ती खर्च भरत नाही. फरशी आणि रंग यांचे चित्र वार्षिक अहवालात छापता येते. अधीक्षकाचा पगार, धान्य, विजेचे बिल, तापाने फणफणलेल्या मुलाला मध्यरात्री दवाखान्यात नेणारा माणूस, यांचे चित्र निघत नाही. त्यातच कंपनीने आपल्या कार्यक्षेत्राच्या परिसराला प्राधान्य द्यावे, असेही हेच कलम सांगते. मोठे कारखाने जेथे नाहीत, त्या वाशीमसारख्या जिल्ह्याच्या वाट्याला मग काय येणार?

थोडा हिशेब करावा. समजा, दिवसाला 3,000 रुपये पगार असलेले 40 कर्मचारी एक दिवस भिंती रंगवितात. कंपनीच्या दृष्टीने त्या दिवसाची किंमत 1 लाख 20 हजार रुपये झाली. रंगाऱ्याची मजुरी 800 रुपये धरली, तर एवढ्याच रकमेत 150 दिवसांची मजुरी देता येते. आणि त्या रंगाऱ्याच्या हाताखाली वसतिगृहातलेच दोन तरुण काम शिकू शकतात. हौशी हातांनी दिलेला रंग असा महाग पडतो.

याचा अर्थ श्रमदान निरर्थक, असा नव्हे. गाडगेमहाराजांच्या विदर्भाला ते कोणी शिकवायला नको. 1 मे 2018 रोजी पानी फाउंडेशनच्या महाश्रमदानात शहरांतील लोक मोठ्या संख्येने गावोगावी गेले. त्यांचा तो एक दिवस फुकट गेला नाही, कारण स्पर्धेतील गावे स्वतः 45 दिवस राबत होती. पाहुण्यांच्या कुदळीला गावाच्या कुदळीचा आधार होता. वसतिगृहाच्या बाबतीत त्या 45 दिवसांच्या जागी काय आहे, हे कंपन्यांनी आधी पाहावे.

येथे एक योग जुळून येतो. सामाजिक उत्तरदायित्वाच्या नियमांनुसार चालू प्रकल्प आरंभीचे वर्ष सोडून आणखी तीन वर्षे चालू शकतो. अठरा ते एकवीस हीदेखील तीनच वर्षे. एका कंपनीने सहा-आठ तरुणांचे एक घर तेवढ्या काळापुरते पत्करावे. भाडे, धान्य व अधीक्षकाचा पगार द्यावा. कर्मचाऱ्यांचे श्रमही त्यांच्या कसबाप्रमाणे घ्यावेत. लेखापालाने बँकेचे व्यवहार समजावावेत, अभियंत्याने आयटीआयच्या विद्यार्थ्याला महिन्यातून दोनदा भेटावे, आणि एकाला तरी उमेदवारीवर घ्यावे. टाटा समूहाने 2014 पासून आपल्या कर्मचाऱ्यांसाठी काही महिने चालणारे कौशल्याधारित सेवाप्रकल्प आखले आहेत. तेव्हा ही कल्पना अव्यवहार्य नाही.

यामुळे शासनाची जबाबदारी सुटत नाही. अनुरक्षण हे शासनाचे कर्तव्य आहे आणि त्याचा जाब शासनालाच विचारला पाहिजे. पण कंपन्यांनी कायद्याने बांधून दिलेला पैसा खर्चायचाच आहे, तर तो भिंतींपाशी थांबू नये. जऊळक्याच्या त्या मुलाला खोलीचा रंग कोणता, याने फारसा फरक पडणार नाही. पुढल्या महिन्यातही ती खोली आपलीच असेल, एवढे त्याला कळले पाहिजे.