रविवार सर्वांचा, सुट्टी ज्याची त्याची

लार्सन अँड टुब्रोचे अध्यक्ष एस. एन. सुब्रह्मण्यन यांनी कर्मचाऱ्यांपुढे केलेले एक वक्तव्य जानेवारी २०२५ मध्ये देशभर गाजले. आठवड्याला ९० तास कामाचा त्यांनी पुरस्कार केला आणि रविवारी कर्मचाऱ्यांकडून काम करवून घेता येत नाही याची खंत बोलून दाखविली. घरी बसून पत्नीच्या तोंडाकडे किती वेळ पाहत राहणार, असा त्यांचा सवाल होता. त्याआधी, ऑक्टोबर २०२३ मध्ये, इन्फोसिसचे संस्थापक नारायण मूर्ती यांनी तरुणांना ७० तासांचा आठवडा सुचविला होता. दोन्ही वेळी संताप व्यक्त झाला, विनोदही झाले. परंतु सारी चर्चा तासांच्या हिशेबातच संपली. विश्रांतीला तासांइतकाच एक वारही लागतो, आणि तो सर्वांचा एकच असावा लागतो, हा मुद्दा मागे पडला.

हा वार आपल्याला कोणी बहाल केलेला नाही. मुंबईच्या गिरणी कामगारांनी तो मिळविला. महात्मा फुले यांचे अनुयायी आणि 'दीनबंधु'चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली कामगारांच्या सभा भरवून एक निवेदन तयार केले. साडेपाच हजार कामगारांच्या सह्या असलेल्या त्या निवेदनातील पहिली मागणी रविवारच्या सुट्टीची होती. दुपारी अर्ध्या तासाची सुटी, कामाचे ठरावीक तास आणि वेळेवर पगार या मागण्याही त्यात होत्या. मालकांनी दाद दिली नाही. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या मैदानावर दहा हजार कामगार जमले. त्या सभेत दोन स्त्रियांनीही भाषणे केली, ही गोष्ट आवर्जून लक्षात ठेवावी अशी आहे. अखेर १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघटनेने रविवारची सुट्टी मान्य केली आणि पुढील वर्षीच्या कारखाना कायद्याने साप्ताहिक सुट्टीला कायद्याचे रूप दिले. रविवार हा खंडोबाचाही वार. तेव्हा हा दिवस केवळ साहेबाच्या किंवा आपल्या धर्माच्या सोयीसाठी आला, असे कोणी म्हटल्यास ते इतिहासाला धरून होणार नाही.

या एका सामाईक दिवसाने मुंबईच्या फुरसतीला आकार दिला. १९४८ साली सुरू झालेली कांगा लीग अनेक दशके पावसाळ्यातील रविवारीच खेळविली गेली, कारण खेळणारे आठवडाभर नोकरीत गुंतलेले असत. कबड्डीचे संघ, भजनी मंडळे, नाटकाच्या तालमी, नातलगांकडे जाणे आणि एक दिवसाची सहल या सर्वांसाठी एकाच वेळी मोकळी असलेली माणसे लागतात. अकरा जणांना अकरा निरनिराळ्या वारी सुट्टी मिळाली तर प्रत्येकाला विश्रांती मिळेल, पण संघ उभा राहणार नाही.

नेमकी हीच परिस्थिती आता हळूहळू येत आहे. १९४८ च्या जुन्या कायद्याप्रमाणे दुकान आठवड्यातून एक दिवस बंद ठेवावे लागे. २०१७ च्या महाराष्ट्र दुकाने व आस्थापना कायद्याने वर्षाचे ३६५ दिवस दुकान उघडे ठेवण्याची मुभा दिली. कामगाराला सलग २४ तासांची साप्ताहिक सुट्टी आहेच; मात्र ती पाळीपाळीने. कागदावर त्याचे काहीही गेले नाही. घरात मात्र पतीची सुट्टी मंगळवारी, पत्नीची गुरुवारी आणि मुलांची रविवारी, असा प्रकार झाला आहे. घरपोच माल पोहोचविणाऱ्या तरुणाची स्थिती तर याहून बिकट. कंपनीच्या लेखी तो 'भागीदार', कामगार नव्हे. त्यामुळे पगारी सुट्टीचा प्रश्नच उद्भवत नाही.

हा प्रयोग पूर्वी एका देशाने जाणूनबुजून केला होता. सोव्हिएत रशियाने १९२९ साली रविवार रद्द करून कामगारांचे पाच गट पाडले. प्रत्येक गटाला एक रंग दिला आणि दर पाचव्या दिवशी आळीपाळीने सुट्टी दिली. गणिताने पाहता सातातून एक सुट्टीपेक्षा पाचातून एक सुट्टी अधिकच. शिवाय यंत्रे अखंड चालणार होती. परंतु नवरा-बायकोच्या सुट्ट्या जुळेनात, मित्र भेटेनात, यंत्रेही बिघडू लागली. १९३१ साली सामाईक सुट्टीकडे परत फिरावे लागले आणि १९४० साली रविवारही परत आणावा लागला. धर्माला विरोध करणाऱ्या राजवटीवर ही पाळी आली, हे विशेष!

आता आपल्या किनाऱ्याकडे वळू. अर्नाळा, राजोडी, कळंब या भागांत रविवारी मुंबईची कुटुंबे लोटतात. त्यांचा विसावा आम्हांला मोलाचा वाटतो. आठवडाभर लोकलगाडीत उभे राहणाऱ्याने एक दिवस समुद्र पाहिला तर त्यात वावगे काय? पण त्या एका दिवसासाठी स्वयंपाकी, खोल्या आवरणारे, तरणतलावावर नजर ठेवणारे आणि रिक्षावाले सर्वाधिक राबतात तेही रविवारीच. एकाच्या फुरसतीची किंमत दुसऱ्याची फुरसत चुकती करते. विश्रामदिनाची आज्ञा देताना निर्गमाच्या ग्रंथाने दास, दासी, परका आणि गुरेढोरे यांचाही उल्लेख केला आहे, तो याचसाठी. लोखंडे यांच्या विजयानंतर अकरा महिन्यांनी, मे १८९१ मध्ये, पोप लिओ तेरावे यांनी 'रेरुम नोव्हारुम' या परिपत्रकात कामगाराच्या रविवारच्या विश्रांतीची बाजू मांडली. १९९८ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी प्रभूच्या दिवसावर स्वतंत्र पत्र लिहिले. त्यात रविवार हा केवळ 'वीकएंड' होऊन जाण्याचा धोका त्यांनी दाखवून दिला आहे.

इस्पितळे, आगगाड्या, पोलीस ठाणी बंद ठेवता येत नाहीत, आणि पर्यटनावर अनेकांच्या चुली पेटतात, याची आम्हांला जाणीव आहे. तथापि या व्यवसायात आपलेही काही बांधव आहेत. त्यांच्याशी स्पष्ट बोलणे आम्ही आपले कर्तव्य समजतो. पावसाळ्यात किनारा ओस पडतो, तेव्हा महिन्यातून एक रविवार सर्व कामगारांना एकत्र सुट्टी देणे त्यांना खरोखरच अशक्य आहे काय? आणि दोष केवळ त्यांचाच कशाला? आपल्या युवकांच्या क्रिकेट स्पर्धा नेमक्या धर्मशिक्षणाच्या वेळी सुरू होतात, खासगी शिकवण्यांचे वर्ग रविवारी सकाळीच भरतात आणि आपणच मुलांना तेथे सोडून येतो. पाळीमुळे रविवारी येऊ न शकणाऱ्यांसाठी शनिवारच्या सायंकाळच्या मिस्साची सोय आहे. ती वेळ कामावरून सुटणाऱ्यांच्या दृष्टीने योग्य आहे की नाही, हे धर्मग्राम परिषदांनी त्यांनाच विचारावे. आपल्या धर्मग्रामात रविवारी कामावर जाणाऱ्यांची संख्या किती, याची साधी यादीही अनेक ठिकाणी तयार नाही. पुढच्या बैठकीत सुरुवात तिथूनच करता येईल.